‘आरोप-प्रत्यारोप’ कुठे चालतं आणि कुठे नाही

प्रश्न असा आहे. एक नवी अनुवादक इंग्रजी कादंबरी मराठीत आणते आहे. तिच्यात ‘रिक्रिमिनेशन’ हा शब्द तीनदा आला आहे: एकदा निवडणूक हरलेल्या पक्षाच्या बैठकीत, एकदा कारखान्यात आग लागल्यानंतर आणि एकदा काडीमोडाच्या उंबरठ्यावर आलेल्या नवरा-बायकोत. कोशात ‘प्रत्यारोप’ आणि ‘आरोप-प्रत्यारोप’ असे दोन पर्याय मिळाले. तिन्हीकडे ‘आरोप-प्रत्यारोप’ लिहून चालेल का, असं तिनं विचारलं आहे.

बैठकीत चालेल. आगीच्या प्रसंगात वाचकाला थोडं खटकेल. नवरा-बायकोच्या तोंडी घातलंत तर दोघं आपापल्या पत्रकार परिषदा घेतायत असं वाटेल.

हे असं का, ते जरा पाल्हाळ लावून सांगतो. माझी पहिली अकरा वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर गेली आणि त्यानंतरची कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करण्यात. दोन्हीकडे भांडणांचाच माल येतो, फक्त दर वेगळा.

आधी शब्द उलगडून बघू. ‘आरोप’ आणि शेतातलं ‘रोप’ एकाच घरचे. दोघांचा धातू ‘रुह्’, म्हणजे वाढणं, वर चढणं. रोप जमिनीत लावायचं, आरोप माणसावर ठेवायचा. वेदान्तात दोरीवर साप भासतो त्याला ‘अध्यारोप’ म्हणतात. जे तिथे नाही, ते तिथे आहे असं मानणं. म्हणून ‘आरोप’ या शब्दात खरं-खोटं अजून ठरलेलं नसतं. कुणीतरी काहीतरी कुणावर तरी ठेवलं आहे, एवढंच. पुढे ‘प्रति’ लागला की संधी होऊन ‘प्रत्यारोप’. म्हणजे उलटून ठेवलेला आरोप.

लॅटिनमध्येही हिशेब हाच. ‘क्रिमेन’ म्हणजे आरोप आणि ‘रि’ म्हणजे परत, उलट. तेव्हा मुळात ‘रिक्रिमिनेशन’ हे एकाच दिशेचं होतं: तू माझ्यावर ठेवलास, आता हा घे माझा. पुढे इंग्रजीत तो बहुतेक वेळा अनेकवचनात वापरला जाऊ लागला, पुढे ‘म्युच्युअल’ किंवा ‘बिटर’ जोडून. आणि दोन्ही बाजूंनी चाललेली दूषणं असा त्याचा अर्थ रुळला. कोशातले दोन पर्याय या दोन अर्थांचे आहेत. एकाला दुसरा पर्याय म्हणून ते दिलेले नाहीत.

पहिला, जुना अर्थ कायद्यात अजून जिवंत आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याचं कलम ९७ बघा. हरलेला उमेदवार निवडणूक याचिका करतो. ‘याची निवड रद्द करा’ एवढंच मागितलं तर गोष्ट वेगळी. पण ‘आणि मला निवडून आलेला म्हणून जाहीर करा’ असंही त्यानं मागितलं, की जिंकलेल्याला उलट म्हणता येतं: बाबा रे, तू निवडून आला असतास तर तुझीच निवड रद्द ठरली असती, हे घे पुरावे. त्यासाठी सुनावणी सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते. ती दिली नाही तर काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या ‘जबरसिंग विरुद्ध गेंदालाल’ या निकालात सापडेल. जिंकलेल्याला मग समोरच्याच्या मतांतली खोट काढता येत नाही. या कलमातला शब्द ‘रिक्रिमिनेशन’ आणि त्याचं मराठी ‘प्रत्यारोप’, एकटा. इथे कुणी ‘आरोप-प्रत्यारोप’ लिहिलं तर ते चूकच, कारण आरोप याचिकेत आधीच होऊन गेलेला आहे.

हे झालं कोर्टाचं. बाहेर मात्र जोडशब्दच चालतो आणि तो चालवताना चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, तो कायम अनेकवचनी आणि कायम दोन बाजूंचा. ‘मंत्र्यांनी आरोप-प्रत्यारोप केले’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी वाचतो. मंत्र्यांनी एकट्यानं दोन्ही कसे केले? ‘दोन्ही गटांत आरोप-प्रत्यारोप झाले’, ‘आरोप-प्रत्यारोपांच्या फैरी झडल्या’ हे ठीक. एकानंच धडाका लावला असेल तर ‘आरोपांची राळ उडवली’ म्हणा. मशालीवर राळ फेकली की भपकन जाळ होतो. तो एकाच हाताचा खेळ.

दुसरं, ‘आरोप लावणे’. ही हिंदीतून आलेली लागण आहे. मराठीत आरोप करतात. कोर्ट आरोप ठेवतं किंवा निश्चित करतं. ज्याच्यावर ठेवला तो फेटाळतो किंवा नाकबूल करतो. लावतात ते ‘बोल’. नशिबाला बोल लावणं किती सुंदर आहे बघा: तक्रार आहे, पण खटला नाही.

तिसरं, ‘परस्पर’. यानं मला स्वतःला तोंडघशी पाडलेलं आहे. एका अर्जाच्या भाषांतरात मी लिहिलं, ‘उभयतांनी परस्पर आरोप केले.’ संध्याकाळी वकीलसाहेबांचा फोन. म्हणाले, “अहो, परस्पर म्हणजे? कुणाला न विचारता?” मी गप्प. मराठीत ‘परस्पर’ एकटा उभा राहिला की त्याचा अर्थ ‘संबंधिताला डावलून, त्याला न कळू देता’ असाही होतो. जमीन परस्पर विकली, पैसे परस्पर उचलले. एकमेकांवर म्हणायचं असेल तर ‘परस्परांवर’ लिहायचं, विभक्तीसकट. आणि ‘परस्परांवर आरोप-प्रत्यारोप’ म्हणजे दुधात दूध. एक काहीतरी ठेवा. पोलिसांच्या भाषेत ‘परस्परविरोधी तक्रारी दाखल’ असतं, ते मात्र बरोबर आहे.

चौथं सांगताना अजून कानशिलं तापतात. रात्रपाळीला मी पास केलेल्या पानावर मथळा होता, ‘दोन नेत्यांत आरोप-प्रत्यारोपण’. एक ‘ण’ जास्तीचा. दुसऱ्या दिवशी संपादकांनी पेपर टेबलावर ठेवून शांतपणे विचारलं, “कुणाचं मूत्रपिंड कुणाला बसवलं?”

आता मुद्द्यावर येतो. इंग्रजी ‘रिक्रिमिनेशन’ला मराठीत एक शब्द सापडत नाही, कारण मराठी माणूस भांडण ऐकताना आधी बघतो की एकमेकांवर फेकलं काय जातंय. आरोप? खापर? जुना हिशेब? चिखल? फायली? वस्तू बदलली की शब्द बदलतो.

माझ्या आजोळी ऐकलेलं एक भांडण सांगतो. सांगलीकडचं गाव, दोन भाऊ, ऊस, सामाईक विहीर आणि एकच मोटार. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका सकाळी मोटार जळाली.

धाकटा म्हणाला, “आण्णा, रातीची पाळी तुमची होती. लाईट कमी-जास्त हुतीया हे दिसलं न्हाई तुमास्नी?”

हा आरोप.

“आन मागल्या म्हैन्यात फ्यूजच्या जागी जाड तार कुणी घातली? मी?” थोरला म्हणाला.

हा प्रत्यारोप. उत्तर उलटं आहे, पण अजून बोलणं मोटारीचंच आहे, हे लक्षात घ्या.

“तारंनं न्हाई जळत मोटार. तुमच्यामुळं जळली.”

“तुझ्यामुळं.”

“तुमच्यामुळं.”

इथे नवीन माहिती संपली. नुकसान एक, डोकी दोन आणि ते कुणाच्या डोक्यावर फोडायचं एवढंच उरलं. हे खापर फोडणं.

मग थोरला म्हणाला, “आईच्या दवाखान्याचं पैसं कुणी भरलं ते बोल की मग.” धाकटा म्हणाला, “आन वाटणीत रस्त्याकडचा तुकडा कुणी घेतला?” मोटार विहिरीतच राहिली. ही उणीदुणी. उणं म्हणजे कमी, दुणं म्हणजे दुप्पट. तुझं काय कमी पडलं आणि तू काय जास्तीचं घेतलंस, अशी सगळी जुनी वही उघडायची. आरोपाला विषय असतो. उणीदुणी काढताना विषय हे नुसतं निमित्त असतं.

शेवटी धाकटा म्हणाला, “ए आण्णा, तू मला शिकवू नगंस.” ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला आणि विहिरीवरचे सगळे चपापले. ही हमरीतुमरी. शब्द हिंदी वळणाचा, ‘आमची-तुमची’; पण मराठीत तो नेमका या जागी वापरतात, जिथे तोंडं संपत आली आणि हात सुरू व्हायचे आहेत. ‘हमरीतुमरीवर येणे’ असंच म्हणतात, ‘हमरीतुमरी करणे’ त्या मानानं क्वचित. त्या ‘वर’ला महत्त्व आहे. माणूस पायरी पायरीनं तिथवर पोचतो.

मोटार दुसऱ्या दिवशी वाइंडिंगला गेली. खर्च निम्मा-निम्मा.

या एका भांडणात पाच शब्द बसले आणि पाचही ठिकाणी इंग्रजी लेखक ‘रिक्रिमिनेशन’ लिहून मोकळा झाला असता. तेव्हा अनुवाद करताना कोश बाजूला ठेवून मूळ प्रसंगातलं भांडण कितव्या पायरीवर आहे ते बघा.

‘खापर’बद्दल आणखी थोडं. खापर म्हणजे फुटलेल्या मडक्याचा तुकडा. आधी काहीतरी फुटलेलं असावं लागतं. यश मिळालं तर खापर फोडायला कुणी जात नाही, तेव्हा श्रेय लाटतात. दुसरं म्हणजे ज्याच्या डोक्यावर ते फुटतं तो हजर असायची गरज नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. कुणी ते सदाशिवरावभाऊंच्या ताठ्यावर फोडलं, कुणी लढाईतून निघून गेलेल्या मल्हारराव होळकरांवर, कुणी फौजेबरोबरच्या यात्रेकरूंवर आणि बाजारबुणग्यांवर. भाऊ तर रणात पडले होते. पुढे भाऊंचा तोतया निघाला, पण तोही प्रत्यारोप करायला आलेला नव्हता. म्हणून पानिपताच्या वादाला ‘आरोप-प्रत्यारोप’ म्हणता येत नाही. समोरून उत्तर नाही. ते खापर आहे आणि अडीचशेहून जास्त वर्षं फुटतंच आहे.

याच्या उलट अस्सल आरोप-प्रत्यारोप बघायचे तर सुरतेची काँग्रेस. अधिवेशन मुळात नागपूरला व्हायचं, ते सुरतेला हलवलं. जहालांना लाला लजपतराय अध्यक्ष हवे होते, मवाळांनी रासबिहारी घोष यांना पुढे केलं. २७ डिसेंबर १९०७ ला टिळक बोलायला व्यासपीठावर गेले, गोंधळ झाला, एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. पुढे खुर्च्या आणि काठ्या. पण शब्दाच्या दृष्टीनं खरी गंमत त्यानंतरची. दोन्ही पक्षांनी आपापली निवेदनं सहीनिशी प्रसिद्ध केली. टिळकांच्या बाजूचं म्हणणं, बोलायची परवानगी मागणारी चिठ्ठी आधीच पाठवली होती, ती दाबली. मवाळांचं म्हणणं, अध्यक्षांनी नियमबाह्य ठरवल्यावरही ते हटले नाहीत. मुद्द्याला मुद्दा, लेखी, जाहीर. ‘आरोप-प्रत्यारोप’ला लागणारं सगळं इथे आहे: दोन बाजू, एक विषय आणि ऐकणारा तिसरा. तो तिसरा महत्त्वाचा. आरोप समोरच्याकडे बोट दाखवून केला, तरी ऐकवायचा असतो लोकांना.

नवरा-बायकोच्या बंद खोलीत हा तिसरा नसतो. म्हणूनच तिथे तो शब्द उपरा वाटतो. खोलीचं दार उघडून शेजारपाजार जमला, तर मात्र मराठीत ‘घरची धुणी चव्हाट्यावर धुणे’ आहेच.

बाकीचे शब्द भराभर सांगतो. ‘चिखलफेक’मध्ये फेकणाऱ्याला आपलं म्हणणं सिद्ध करायचंच नसतं, फक्त समोरच्याचे कपडे खराब करायचे असतात; ती एकतर्फीही असू शकते. ‘ठपका’ नेहमी वरून येतो. चौकशी समिती ठेवते, वरिष्ठ ठेवतात. दोघांनी एकमेकांवर ठपका ठेवला असं होत नाही, तरी बातम्यांत दिसतं. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ म्हणजेही प्रत्यारोपच, पण बोलणाऱ्यानं निकाल आधीच लावून ठेवलेला. निवेदकाच्या वाक्यात तो घालू नका, पात्राच्या तोंडी चालेल.

‘टोलवाटोलवी’ आरोपांच्या इतकी जवळची आहे की भले भले गोंधळतात. फरक असा. रस्त्यावर खड्डा आहे. पालिका म्हणते रस्ता बांधकाम खात्याचा, खातं म्हणतं हस्तांतर कधीच झालं. कुणी कुणावर दोष ठेवत नाही. दोघंही नम्र असतात, पत्रं जावक क्रमांकासह असतात. फक्त जबाबदारी विटीसारखी इकडून तिकडे. आणि हा शब्द कसा घडलाय बघा: टोलवा-टोलवी, ढकला-ढकली, मारा-मारी, ओढा-ओढी. क्रियापद दोनदा म्हटलं आणि शेवटी ‘ई’ लावली की ‘एकमेकांना’ हा अर्थ आपोआप आत येतो. ‘म्युच्युअल’ची गरजच नाही. अनुवादक जेव्हा ‘परस्पर मारामारी’ लिहितो तेव्हा मूळ इंग्रजी शब्द न् शब्द वाचता येतो.

राजकारणाच्या पानावर आणखी दोन शब्द भेटतील. ‘सुंदोपसुंदी’ ही महाभारतातल्या आदिपर्वातली. सुंद आणि उपसुंद हे सख्खे भाऊ; एकमेकांखेरीज कुणाच्या हातून मरण नाही असा वर मिळालेला; तिलोत्तमेपायी एकमेकांनाच गदेनं मारून मेले. तेव्हा हा शब्द एकाच पक्षातल्या, एकाच घरातल्या भांडणाला. सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात ‘सुंदोपसुंदी’ होऊ शकत नाही, ते भाऊ नव्हेत. (कधी कधी शंका येते.)

दुसरा ‘कलगीतुरा’. शाहिरांचे दोन पंथ. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. समोरासमोर फड बसायचा, एकानं कवनातून कूट घालायचं, दुसऱ्यानं कवनातूनच उकलून उलटा सवाल करायचा. दोन नेते एकमेकांना शेलके टोले हाणतायत आणि लोक मजा घेतायत, तिथे हा शब्द चपखल बसतो. त्यात कौशल्य आहे, प्रेक्षक आहेत आणि जखम फारशी खोल नाही. एका अपघातानंतर दोन खात्यांनी एकमेकांना दोषी धरल्याच्या बातमीला मी ‘कलगीतुरा रंगला’ हा मथळा पाहिला आहे. माणसं गेली होती त्या अपघातात. शब्दकोशाच्या दृष्टीनं चूक नव्हती, तरी माझा घास घशात अडकला.

‘ब्लेम गेम’चं म्हणाल तर आजची पात्रं बोलताना तोच शब्द वापरतात, त्यांच्या तोंडी राहू दे. निवेदनात मला नको वाटतो. आणि हिंदीतून सरळ उचललेलं ‘तेरी भी चूप मेरी भी चूप’ इथे मुद्दाम आठवतो, कारण ते या सगळ्याचं उलटं टोक आहे. दोघांनाही एकमेकांचं माहीत, म्हणून दोघंही गप्प. आरोप-प्रत्यारोप थांबले की दर वेळी समेटच झालेला असतो असं नाही, हे डेस्कवर बसलेल्याला लवकर कळतं.

आता तुमची तीन वाक्यं.

पक्षाची बैठक: “बैठक आरोप-प्रत्यारोपांतच संपली.” त्या ‘च’नं इंग्रजीतला ‘शेवट तसा झाला’ हा भाव येतो, वेगळं काही घालायची गरज नाही. लेखकाला पक्षातल्या फुटीवर जोर द्यायचा असेल तरच ‘सुंदोपसुंदी’, पण परदेशी पक्षाच्या बैठकीत सुंद-उपसुंद आणायचे का, ते तुम्ही ठरवा. मी आणणार नाही.

कारखान्याची आग: “आग विझायच्या आत एकमेकांवर खापर फोडायला सुरुवात झाली होती.” तुमच्या उताऱ्यात व्यवस्थापन आणि ठेकेदार दोघंही ‘देखभाल आमच्याकडे नव्हतीच’ असं म्हणतायत असं दिसतं. तसं असेल तर पुढच्या परिच्छेदात ‘टोलवाटोलवी’ येऊ द्या. पहिल्या दिवशी खापर, चौकशी लागल्यावर टोलवाटोलवी, हा क्रम आपल्याकडच्या वाचकाला सांगावा लागत नाही.

नवरा-बायको: इथे मी नामच टाळीन. ‘रात्री उशिरापर्यंत दोघं एकमेकांची उणीदुणी काढत राहिले’ हे बिनचूक आहे. पण मूळ वाक्यात ‘सायलेंट’ असा शब्द आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ती दोघं काही बोलतच नाहीयेत, मनातल्या मनात दोष देतायत. ‘मूक आरोप-प्रत्यारोप’ हे भाषांतर झालं, मराठी नव्हे. उणीदुणी काढायलाही तोंड लागतं. मी लिहिलं असतं, “दोघंही गप्प होते आणि दोघंही मनातून दुसऱ्याला बोल लावत होते.” लांब आहे, मान्य. मूळ लेखकानं दोन शब्दांत सांगितलेलं मला दहा-अकरा लागले. संपादकांनी शब्दसंख्येवरून हटकलं तर ‘बोल’वर हटू नका, बाकी काय कापायचं ते कापू द्या.